एका खेळाडूचा भूमिकाखेळ : मरण आणि मसलत

प्रस्तावना

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. तीन लहान पुस्तिकांच्या या संचातील पहिल्या पुस्तिकेत खेळाडूंच्या संख्येविषयी एक सूचना आहे. एका मोहिमेत चार ते पन्नास खेळाडू सामावून घेता येतील आणि पंच व खेळाडू यांचे प्रमाण साधारण एकास वीस असावे, असे तीत सुचवले आहे. युद्धखेळांच्या मंडळांतून हा प्रकार जन्मला आणि तेथे माणसांचा राबता मोठा असे, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे नवल वाटत नाही. पुढे हे प्रमाण घरगुती टेबलावर मावेल अशा बेताने एकास चार किंवा पाचपर्यंत उतरले आणि तेथेच स्थिरावले. एकास एक हे प्रमाण मात्र बराच काळ नाइलाजाचे मानले गेले. बाकीचे आले नाहीत, म्हणून दोघेच बसले, अशीच त्याकडे पाहण्याची रीत होती.

या प्रकाराला मराठीत अद्याप रूढ संज्ञा नाही. प्रस्तुत लेखात 'भूमिकाखेळ' हा शब्द योजला आहे. काही माणसे टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो आणि ते पात्र काय करते हे बोलून सांगतो. जेथे फलित अनिश्चित असते तेथे फासे टाकले जातात. उरलेले सगळे जग ज्याच्या हाती असते त्याला येथे 'सूत्रधार' म्हटले आहे. आपल्या संगीत नाटकातला सूत्रधार नटीशी चार शब्द बोलून, नाटकाचे सूतोवाच करून निघून जातो. हा सूत्रधार शेवटपर्यंत हलत नाही. शत्रू, मित्र, वाटाड्या, दरवान, पाऊस आणि वारा सारे तोच होतो.

समोर एकच खेळाडू असतो तेव्हा या खेळाचे नेमके काय होते, हा या लेखाचा विषय आहे. एकट्या वाचकाने पुस्तकाशी खेळण्याचे जे प्रकार आहेत, त्यांचा येथे विचार केलेला नाही. रिक लूमिस यांचे 'बफेलो कासल' (१९७६) किंवा स्टीव्ह जॅक्सन व इयान लिव्हिंगस्टन यांचे 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' (१९८२) यांसारख्या पुस्तकांत सूत्रधाराची जागा क्रमांकित परिच्छेद घेतात. छापील परिच्छेद ऐकत नाही, थबकत नाही, खेळाडूने अनपेक्षित काही केले म्हणून गोंधळत नाही. येथे अभिप्रेत असलेल्या रूपात दोन जिवंत माणसे समोरासमोर असतात आणि सारा पेच त्यातूनच उद्भवतो.

अंकगणिताचा उपाय

एकट्या खेळाडूची अडचण प्रथम आकड्यांत दिसते. समजा, एखादे काम साधण्याची शक्यता शंभरात पंच्याहत्तर आहे आणि चौघांपैकी कुणा एकाला ते साधले तरी पुरेसे आहे. चौघेही चुकण्याची शक्यता २५६ मध्ये १ इतकीच उरते. अशी पाच कामे ओळीने आली तरी चौघांचा गट शंभरात सुमारे ९८ वेळा पार पडेल. एकटा नायक त्याच पाच कामांतून शंभरात सुमारे २४ वेळाच निभावेल. लढाईत तर फरक याहून तीव्र होतो, कारण गट एका फेरीत चार वार करतो आणि आपल्यावरचे घाव चौघांत वाटून घेतो. गटासाठी लिहिलेले साहस एकट्यापुढे तसेच ठेवले, तर तो पहिल्या दोन-तीन दालनांतच संपतो.

येथे मरणाचा प्रश्न येतो, आणि तो केवळ हळहळीचा नाही. गटात एक पात्र मेले तरी कथा चालू राहते. उरलेले तिघे त्याला खांद्यावर घेऊन परततात, खेळाडू नवे पात्र घेऊन पुढच्या बैठकीला हजर होतो. एकट्याचे पात्र मेले की ती कथाच संपते. गटाच्या खेळात मरण हा कथेच्या आतला प्रसंग असतो. एकल खेळात ते कथेच्या बाहेरची भिंत होते. म्हणून एकल रूपासाठी नियम रचणाऱ्या प्रत्येकाला मरणाला पर्याय शोधावा लागला. तो कोणता शोधला, यावर त्या खेळाचे स्वरूप ठरले आहे.

जुना उपाय साहसच बेताचे लिहिण्याचा. 'फायटर्स चॅलेंज' (१९९२) या पुस्तिकेपासून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी एक सूत्रधार व एक खेळाडू यांच्यासाठी एक मालिका काढली. पुढे योद्धा, जादूगार, चोर, धर्मोपदेशक अशा एकेका व्यवसायाला बेतलेली साहसे तीत आली. चोराला चोराच्याच योग्यतेची कामे दिली की त्याला इतर तिघांची उणीव भासत नाही, हा तिचा हिशोब. हिशोब चोख आहे. पण त्यामुळे जगच नायकाच्या मापाचे शिवले जाते. ज्या किल्ल्यात फक्त चोराला उघडता येतील अशीच कुलुपे आहेत, तो किल्ला फार वेळ खरा वाटत नाही.

याहून कितीतरी धाडसी उत्तर केव्हिन क्रॉफर्ड यांच्या 'स्कार्लेट हीरोज' (२०१४) या ग्रंथात मिळते. क्रॉफर्ड साहसाला हात लावत नाहीत, फाशांचे वाचन बदलतात. गटासाठी लिहिलेली जुनी साहसे एकट्या नायकाला जशीच्या तशी खेळता यावीत, हा त्यांचा हेतू आहे. हानी मोजण्याच्या फाशावर १ पडला तर हानी शून्य, २ ते ५ पडले तर एक, ६ ते ९ पडले तर दोन आणि १० किंवा अधिक पडले तर चार, अशी त्यांची वाचनपद्धती आहे. नायकाच्या अंगावर ही हानी साध्या गुणांत लागते. शत्रूच्या बाबतीत मात्र तीच हानी त्याच्या बळाच्या अख्ख्या एककांतून वजा होते आणि उरलेली पुढच्या शत्रूकडे सरकते. शिवाय दर फेरीला नायक एक वेगळा फासा टाकतो. आपल्या बरोबरीच्या किंवा कमी बळाच्या शत्रूंना त्याचा फटका आपोआप बसतो, नेम धरण्याची गरज नसते. प्राणांतिक संकटातून काही हानी सोसून निसटण्याचीही सोय आहे. अशी सुटका पुन्हा पुन्हा मागितली तर ती उत्तरोत्तर महाग होत जाते.

ही रचना कमालीची काटकसरी आहे. चार ओळींच्या एका कोष्टकाने चाळीस वर्षांचे साहस-साहित्य एकट्या खेळाडूला खुले करणे हे सामान्य काम नव्हे. तरीही तिच्या मुळाशी असलेले गृहीत तपासायला हवे. एकटा नायक म्हणजे चौघांचे बळ एका देहात, हे ते गृहीत. त्यातून निपजणारा नायक अपरिहार्यपणे महाबली होतो. त्याच्या वाटेतले किरकोळ शत्रू गवतासारखे कापले जातात. पराक्रमाच्या कथांना हे शोभते, आणि क्रॉफर्ड यांनी ग्रंथाच्या शीर्षकातच 'हीरोज' म्हणून ते कबूल केले आहे. भय, संशय, एकटेपणा या भावांची कथा मात्र या कोष्टकातून निघत नाही. एकट्या माणसाची सर्वांत सहज अवस्था एकटेपणाची असते. बळ वाढवण्याच्या भरात नेमकी तीच हातची जाते.

मसलतीची उणीव

गट केवळ लढत नाही, तो बोलतो. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी 'शेअर्ड फँटसी' (१९८३) या अभ्यासात, अर्व्हिंग गॉफमन यांच्या चौकट-संकल्पनेच्या आधाराने, असे दाखवले आहे की भूमिकाखेळातील माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरतो : व्यक्ती म्हणून, खेळाडू म्हणून आणि पात्र म्हणून. या पातळ्यांमधली ये-जा मुख्यतः खेळाडूंच्या आपसातल्या बोलण्यातून होते. दार फोडावे की वाट पाहावी, यावर चौघे वाद घालतात. त्या वादात कुणी पात्राच्या तोंडून बोलतो, कुणी नियमावर बोट ठेवतो, कुणी चहा मागवतो. सूत्रधार या वेळी गप्प असतो आणि ते त्याच्या फायद्याचे असते. त्याला श्वास घ्यायला उसंत मिळते, खेळाडूंचे तर्क ऐकून पुढचे प्रसंग सुचतात आणि आपले वर्णन कुठे तोकडे पडले हेही कळते.

एकट्या खेळाडूला ही मसलत करायला समोर एकच माणूस असतो, आणि त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. एकल रूपाची खरी गाठ येथे आहे. बळाची उणीव कोष्टकाने भरून निघते. ही उणीव आकड्यांची नाही. खेळाडू म्हणतो, 'हा दरवान खोटे बोलत असेल का?' चौघांच्या गटात हे वाक्य इतर तिघांसाठी असते. दोघांच्या बैठकीत ते सूत्रधारासाठीच असते, आणि ते ऐकताच त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते तेही उत्तरच असते. मग खेळाडू हळूहळू कोडे सोडवणे थांबवून चेहरा वाचू लागतो.

२०१९ मध्ये निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'एसेन्शियल्स किट' या संचात एका खेळाडूसाठी साथीदार-पात्रांचे नियम दिले आहेत. पुढल्याच वर्षी 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या ग्रंथात त्यांचा विस्तार झाला. हे साथीदार साधे, चालवायला सोपे आणि लढाईत उपयोगी आहेत. या साथीदाराच्या तोंडून सूत्रधार बोलू लागला की मात्र अवघड स्थिती येते. साथीदाराचा सल्ला बरोबर निघाला, तर खेळाडू विचार करणे सोडतो आणि दर वळणावर त्यालाच विचारतो. सल्ला चुकीचा निघाला, तर ती पात्राची चूक न राहता सूत्रधाराने केलेली फसवणूक ठरते. साथीदार मुका ठेवला तर तो माणूस उरत नाही, चालती तलवार होते. साथीदार खेळाडूच्याच हाती सोपवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. पण मग खेळाडू स्वतःशीच बोलतो, आणि मसलतीला दुसरे मन लागते ते लागतेच. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा हुंकार लागतो असे म्हणतात. येथे एकाच श्रोत्याने हुंकारही द्यायचा, वळणही सुचवायचे आणि नायकही व्हायचे, असा तिहेरी भार पडतो.

'क्थुलू कॉन्फिडेन्शियल'

ही गाठ ओळखून रचलेला ग्रंथ म्हणून 'क्थुलू कॉन्फिडेन्शियल' (२०१७) याचा विचार सविस्तर करावा लागतो. रॉबिन डी. लॉज यांनी आपल्या 'गमशू' या नियमपद्धतीला एक सूत्रधार व एक खेळाडू यांच्यासाठी दिलेले हे रूप लंडनच्या पेलग्रेन प्रेसने प्रसिद्ध केले. २००६ च्या 'द एसोटेररिस्ट्स'पासून 'गमशू'चे मूलतत्त्व असे, की योग्य कौशल्य असलेला शोधक योग्य जागी पाहत असेल तर कळीचा धागा त्याला फासे न टाकता मिळालाच पाहिजे. रहस्यकथेत धागा सापडला की नाही यापेक्षा सापडलेल्या धाग्यांचा अर्थ काय लावला, याला महत्त्व असते, ही त्यामागची भूमिका आहे. गटाच्या खेळात ही केवळ सोय वाटू शकते. एकट्यासाठी ती जीवनावश्यक आहे, कारण त्याची चुकलेली नजर सावरायला दुसरी नजर नसते.

मसलतीच्या प्रश्नाला लॉज यांचे उत्तर 'सोर्सेस' हे आहे. एका नायकाकडे सगळी कौशल्ये असणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक नायकाला काही ओळखीची माणसे दिलेली असतात. विषाची परीक्षा करणारा एक, जुन्या भाषा वाचणारा दुसरा. ही माणसे नायकासोबत हिंडत नाहीत. त्यांच्याकडे जावे लागते, त्यांचे ज्ञान एका विषयापुरते असते, आणि ते सांगून झाले की नायक पुन्हा रस्त्यावर एकटा येतो. साथीदाराने जे बिघडते ते येथे बिघडत नाही. सूत्रधार या माणसाच्या तोंडून खरे सांगू शकतो, कारण ते खरे अपुरे आहे. चेहरा वाचून मिळेल असे त्यात काही नसते. जे आहे ते बोलून टाकलेले असते आणि निर्णय खेळाडूकडेच राहतो. दोन माणसांच्या बैठकीत मसलतीला अशी हद्द घालून देणे हा या ग्रंथाचा सर्वांत मोलाचा शोध मानावा लागेल. त्याच्या पत्त्यांची चर्चा अधिक होते. या शोधाची व्हावी तितकी होत नाही.

पत्तेही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. प्रत्येक कसोटीच्या प्रसंगाला तीन फलिते आधीच लिहिलेली असतात; त्यांना मराठीत सरशी, जैसे थे आणि पीछेहाट म्हणता येईल. सरशी झाली तर बहुधा लाभाचा पत्ता हाती येतो, पीछेहाट झाली तर बहुधा संकटाचा. समजा, नायक रात्री एका बंगल्याच्या भिंतीवरून चढतो आणि फासे उलटे पडतात. तो मरत नाही, पकडलाही जात नाही. त्याच्यापुढे एक पत्ता येतो, 'मुरगळलेला पाय'. दोन प्रसंगांनंतर पळण्याची वेळ येते तेव्हा हा पत्ता आपली वसुली करतो. खेळाडूला एक फासा जादा हवा असेल तर तो स्वतःहून एक जादा संकट पत्करू शकतो. काही संकटे निवारता येतात. जी शेवटपर्यंत हातात राहतात, विशेषतः अतर्क्य सत्याच्या दर्शनाने मनावर उमटलेली, ती समारोपाच्या वेळी नायकाचे काय झाले हे ठरवतात.

येथे मरण नाहीसे झालेले नाही, ते कर्जाच्या रूपात पुढे ढकलले आहे. 'स्कार्लेट हीरोज'मध्ये मरण बोथट होते. येथे ते साठत जाते. टेबलावर समोर मांडलेले पत्ते खेळाडूला सतत दिसत असतात, आणि एकट्या माणसाच्या मनात घोळणारी काळजी डोळ्यांपुढे येते. कोष्टकात न मिळालेले भय येथे मिळते ते यामुळे. अपयश कथेला थांबवत नाही, तिला वळण देते. त्यामुळे 'पुन्हा फासे टाका' अशी लाजिरवाणी तडजोड सूत्रधाराला करावी लागत नाही.

ग्रंथातील तीन नायकांपैकी लँग्स्टन राइट याच्या कथेत या रचनेचा कस लागतो. इतर दोघे, लॉस एंजेलिसचा खासगी गुप्तहेर डेक्स रेमंड आणि न्यूयॉर्कची वार्ताहर व्हिव्हियन सिंक्लेअर, हे १९३० च्या दशकातील आहेत. राइट हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय विद्वान व माजी सैनिक आहे. त्याची कथा ख्रिस स्पायव्ही यांनी लिहिली आहे. त्या शहरातील उपाहारगृहांतील वर्णभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९५३ मध्ये आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा १९५४ मध्ये आला, हे येथे आठवावे. शिवाय ज्या एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांच्या भयकथांवर हे सारे विश्व उभे आहे, त्यांचा वंशद्वेष त्यांच्या लेखनातून लपलेला नाही. गटाच्या खेळात असा नायक असता, तर जेथे त्याला मज्जाव आहे तेथे सहकारी गोरा शोधक आत गेला असता आणि खेळ पुढे सरकला असता. वर्णभेद एक गैरसोय ठरला असता. एकल रूपात आत जाणारे दुसरे कोणीच नसते. बंद दार हे खेळाडूपुढचे बंद दार असते, आणि त्याला दुसरी वाट शोधावीच लागते. एकट्या खेळाडूची मर्यादा येथे आशयाचे साधन झाली आहे. मोठ्या गटाला जे दाखवता येणार नाही ते या रूपाला दाखवता येते, याचा इतका स्पष्ट पुरावा अन्यत्र क्वचित मिळेल.

या यशाची किंमत मात्र मोठी आहे. नायक आधी लिहिलेला, त्याची ओळखीची माणसे आधी ठरलेली, प्रत्येक कसोटीची तिन्ही फलिते आणि बरेचसे पत्ते त्या कथेपुरते छापलेले. भूमिकाखेळात खेळाडूचे पहिले सुख स्वतःचे पात्र घडवण्याचे असते. ते येथे बव्हंशी गमवावे लागते. डेक्स रेमंडच्या कथेत व्हिव्हियन सिंक्लेअरला पाठवायचे म्हटले तर सूत्रधाराला अर्धी संहिता नव्याने लिहावी लागेल. क्रॉफर्ड यांच्या एका कोष्टकाने शेकडो साहसे खुली झाली. लॉज यांच्या पद्धतीत प्रत्येक साहस हाताने विणावे लागते. कादंबरीकाराचे आणि सूत्रधाराचे काम येथे इतके जवळ येते की खेळाडू वाचक तर होत नाही ना, अशी शंका अधूनमधून डोकावते. ही शंका अनाठायी नाही. अर्थ लावण्याचे काम त्याच्याकडे उरते आणि त्यात त्याला चुकण्याची मुभा आहे, एवढ्याने ती मिटत नाही, सौम्य होते.

लहान पल्ल्याची रूपे

डी. व्हिन्सेंट बेकर यांच्या 'मर्डरस गोस्ट्स' (२०११) मध्ये दोघांसाठी दोन स्वतंत्र पुस्तिका आहेत. एकाने भुते चालवायची आणि दुसऱ्याने त्यांच्या तावडीत सापडलेल्या माणसाची भूमिका घ्यायची. खेळ एका बैठकीत संपतो, त्यामुळे मरणाला पर्याय शोधावाच लागत नाही. मरण हाच त्याचा संभाव्य शेवट आहे. दीर्घकथेचा मोह सोडला की प्रश्नच विरतो, हे यातून कळते. एमिली केअर बॉस यांचा 'ब्रेकिंग द आइस' (२००५) हा खेळ तर सूत्रधाराचे पदच रद्द करतो. दोन खेळाडू दोन प्रेमिकांच्या तीन भेटी बरोबरीने रंगवतात. उत्तर ठाऊक असलेला माणूसच नसल्याने मसलत मोकळी होते. मात्र रहस्यही उरत नाही, कारण लपवायला कोणी शिल्लक नाही. एकल रूपाच्या चर्चेत हे दोन्ही खेळ काठावरचे असले, तरी दोन माणसांमध्ये ज्ञानाची विषमता किती राखावी हा प्रश्न त्यांच्यामुळे नेमका मांडता येतो.

दीर्घ पल्ल्याच्या एकल खेळात ही विषमता सत्तेचे रूप घेते. गटातले चौघे सूत्रधाराच्या निर्णयावर एकत्र कुरकुर करू शकतात; एकट्याची कुरकुर भांडण वाटते, म्हणून तो बहुधा गप्प राहतो. उलट, एकुलता खेळाडू नाराज होऊ नये म्हणून सूत्रधारही हात आखडतो. दोघेही एकमेकांना सांभाळत बसले की फासे शोभेचे होतात. लॉज यांच्या पद्धतीत फलिते आधी लिहिलेली असल्याने हा संकोच बराच कमी होतो, कारण पीछेहाट कागदावरून येते, समोरच्या माणसाच्या मर्जीतून येत नाही. तिच्या काटेकोर संहितेचे हे समर्थन तिच्यावरील आक्षेपाइतकेच बळकट आहे.

त्यानंतर २०१८ मध्ये गॅरेथ रायडर-हॅन्राहन यांनी 'नाइट्स ब्लॅक एजंट्स : सोलो ऑप्स' हा ग्रंथ याच पद्धतीवर रचला. शोधकथेच्या जागी तेथे हेरकथा आली, शत्रू म्हणून रक्तपिपासू आले, तरी नायिका लैला खान ही आधी लिहिलेलीच राहिली. नव्या नायकासाठी नवी संकटे, नवे लाभ आणि नव्या ओळखी प्रत्येक सूत्रधाराने स्वतःच रचायच्या आहेत. ते काम बैठकीच्या आदल्या रात्री उरकण्यासारखे नाही.